जिन्यातून घरात आलेले गोचीड आणि त्यांची पटलेली ओळख

दारामागच्या भिंतीवर जो तपकिरी किडा वर चढताना दिसत होता, तो ढेकूण की गोचीड, एवढाच प्रश्न सुरुवातीला होता. पण पुढचं सगळं त्या उत्तरावर ठरणार होतं. गाद्या उन्हात टाकायच्या की चौकटीच्या फटी बुजवायच्या, औषध पलंगाला मारायचं की जिन्याला, आणि जिन्यात झोपणाऱ्या कुत्रीचं काय करायचं. पावसाळ्यात मुंबईच्या अनेक इमारतींत हा त्रास होतो. बहुतेक ठिकाणी आधी फवारणी होते, किडा कोणता हे नंतर विचारलं जातं किंवा विचारलंच जात नाही. म्हणून आम्ही काय काय केलं ते सविस्तर लिहून ठेवतेय.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. जुनी चार मजली इमारत, लिफ्ट नाही, आमचं घर पहिल्या मजल्यावर. घरात मी, नवरा, मुलगा आणि सासूबाई. कुत्रं-मांजर काही नाही. मी एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. मलेरियाच्या स्लाइड बघण्यात बरीच वर्षं गेली, पण किड्यांचा अभ्यास माझा नाही, हे आधीच सांगते.

जुलैचा शेवट होता. पहिला किडा सापडला चपलांच्या कपाटावर, दुसरा कालनिर्णयच्या मागे, मग एक थेट ट्यूबलाइटच्या पट्टीजवळ छताला टेकलेला. तिळाएवढा, चपटा, लालसर तपकिरी. समोरच्या काकू बघायला आल्या आणि म्हणाल्या, "अगं, ढेकूणच हे. गाद्या बघ." नवऱ्याने एका पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं. त्याने किडा हातातही न घेता ढेकूण ठरवला आणि सगळ्या पलंगांच्या फवारणीचा दर सांगितला. गणपती तोंडावर आले होते, पाहुणे येऊन जमिनीवर गाद्या टाकून झोपणार होते, त्यामुळे लगेच हो म्हणून टाकावं असं सगळ्यांनाच वाटत होतं.

अडवलं ते सासूबाईंनी. त्या सावंतवाडीजवळच्या, माहेरी गुरंढोरं होती. चष्मा लावून त्यांनी तो किडा नीट पाहिला आणि म्हणाल्या, "ह्यो ढेकूण न्हय गो. गोचीड आसा. गुरांच्या कानात बघलंय मी." एवढं बोलून त्या गप्प झाल्या. त्यांच्या मनात काय आलं ते मला कळलं. 2016 साली दोडामार्ग तालुक्यात माकडतापाची साथ आली होती, पुढच्या वर्षी ती सावंतवाडी तालुक्यातही पोचली. तिकडच्या कोणत्याही घरात गोचीड आणि ताप हे दोन शब्द एकत्र आले की माणसं घाबरतात, आणि त्यांचं घाबरणं रास्त आहे. माकडताप म्हणजे क्यासनूर जंगलाचा ताप. 1957 मध्ये कर्नाटकात शिमोग्याच्या जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला आणि तो मुख्यतः गोचिडांमार्फत माणसाला होतो. घरात म्हातारं माणूस आणि शाळेत जाणारा मुलगा असताना "असेल काहीतरी" म्हणून सोडून देणं मला शक्य नव्हतं. फवारणीवाल्याला आम्ही थांबायला सांगितलं.

लॅबमध्ये नमुना ओळखण्याआधी तो नीट घेण्याला महत्त्व असतं, तसंच इथेही. भिंतीवर दिसलेला किडा चपलेने चिरडला की ओळखण्यासारखं त्यात काही उरत नाही. बोटांनी तर चिरडूच नये, कारण आतलं रक्त आणि रस हाताच्या बारीकशा जखमेतूनही आत जाऊ शकतात. मी झाकण घट्ट बसणाऱ्या छोट्या बाटल्या आणल्या, त्यात सत्तर टक्क्यांचं अल्कोहोल ओतलं आणि चिमट्याने किडे त्यात टाकले. प्रत्येक बाटलीत कागदाची चिठ्ठी: तारीख, खोली, जमिनीपासून किती उंचीवर. चिठ्ठी पेन्सिलने लिहायची, पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळून जाते. शेजारचे लोक किडा सेलोटेपवर चिकटवून आणून दाखवत. नुसतं बघायला ते चालतं, पण पोटाकडची बाजू आणि तोंड टेपमध्ये अडकतात, आणि नेमकी जात तिथेच कळते.

पहिली तपासणी साध्या भिंगाने झाली. ढेकणाला सहा पाय असतात, डोक्यावर दोन मिशा असतात, डोकं वेगळं दिसतं आणि पोटावर आडव्या वळ्या असतात. आमच्या किड्याला आठ पाय होते, मिशा नव्हत्या, आणि डोकं, छाती, पोट असे वेगळे भाग दिसतच नव्हते. सगळं एकच चपटं अंग, पुढे तोंडाचं टोक. कोळ्यालाही आठ पाय असतात, पण त्याच्या अंगाचे दोन भाग स्पष्ट दिसतात. एवढ्यावरच ढेकणाचा प्रश्न मिटला. यासाठी मायक्रोस्कोप लागत नाही, मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन काढलेला फोटो मोठा केला तरी पाय मोजता येतात.

आणखी एक गोष्ट मी करून बघितली. एक जिवंत किडा उघड्या बाटलीत ठेवून वर बारीक जाळी ताणून बांधली आणि जाळीवर हळूच श्वास सोडला. निपचित पडलेला किडा लगेच उठला आणि पुढचे दोन पाय वर करून हवेत हलवायला लागला. गोचिडाच्या पुढच्या पायांवर वास आणि ऊब टिपणारं इंद्रिय असतं. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड त्याला त्याने कळतो. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. "गुरं गोठ्यात येत तेव्हा असेच पाय वर करीत," एवढंच त्या म्हणाल्या.

मग गोंधळात टाकणारी गोष्ट घडली. दाराच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात टाचणीच्या टोकाहून लहान असे ठिपके घोळक्याने दिसायला लागले. टेपवर घेऊन पाहिले तर त्यांना पाय सहा! लॅबमधली सहकारी म्हणाली, सहा पाय म्हणजे कीटक, शाळेतच शिकलोय आपण, ही दुसरीच कसली तरी पिल्लं असणार. तिचा मुद्दा चुकीचा नव्हता. पण गोचीड अंड्यातून बाहेर येतो तेव्हा त्याला सहाच पाय असतात. त्या अवस्थेत एकदा रक्त पिऊन तो खाली पडतो, कात टाकतो आणि मग आठ पायांचा होतो. पुन्हा रक्त पितो, पुन्हा कात टाकतो, आणि तेव्हा प्रौढ होतो. माझ्या बाटल्यांमध्ये या तिन्ही अवस्था होत्या: अर्ध्या मिलिमीटरची सहापायी पिल्लं, त्यांहून थोडे मोठे आठपायी मधले, आणि तिळाएवढे प्रौढ. या पिल्लांनी मला सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट सांगितली. पिल्लं घोळक्याने आहेत याचा अर्थ एका मादीने जवळपासच कुठेतरी अंडी घातली आहेत. बाहेरून कुणाच्या कपड्याला चिकटून एखादा प्रौढ गोचीड येऊ शकतो, पण सहापायी पिल्लांचा घोळका पाहुणा नसतो. तो इमारतीतच जन्मलेला असतो.

दिवसाचं काम संपल्यावर, डॉक्टरांच्या परवानगीने, लॅबच्या मायक्रोस्कोपखाली मी प्रौढ नमुने ठेवले. आमचा मायक्रोस्कोप रक्ताच्या काचांसाठी आहे, प्रकाश खालून येतो. गोचिडाच्या अंगातून प्रकाश आरपार जात नाही, त्यामुळे नुसता काळा डाग दिसतो. मोबाइलची बॅटरी वरून तिरकी धरली तेव्हा अंग उजळलं. सगळ्यांत लहान भिंग पुरलं. काहींची पूर्ण पाठ कडक कवचाने झाकलेली होती, ते नर. काहींचं कवच फक्त पुढच्या भागापुरतं होतं, मागचं अंग मऊ आणि सुरकुतलेलं, त्या माद्या. मादीला रक्त पिऊन कित्येक पट फुगायचं असतं, म्हणून तिचं कवच लहान. तोंडाच्या मुळाशी असलेला भाग दोन्ही बाजूंना टोक काढलेला, सहा कोनांचा. तोंड आखूड. मागच्या कडेवर ओळीने खाचा. पाठीवर पांढरी नक्षी कुठेच नाही, पाय एकाच तपकिरी रंगाचे.

ही वर्णनं लिहून, फोटो काढून मी बाटल्या मुलुंडमधल्या आमच्या ओळखीच्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेल्या. त्यांनी बघताक्षणी सांगितलं: कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड. तरी सासूबाईंची शंका पूर्ण फिटावी म्हणून मी नात्यातल्या एका मुलीकडे एक बाटली दिली. ती परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते. 1886 साली सुरू झालेलं हे महाविद्यालय, तिथे परजीवीशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. तिने तिच्या सरांना नमुना दाखवला आणि उत्तर तेच आलं. शास्त्रीय नाव ऱ्हिपिसेफॅलस संग्विनियस, 1806 मध्ये दिलेलं. उष्ण प्रदेशात राहणाऱ्या वंशाला 2021 पासून ऱ्हिपिसेफॅलस लिनिआय असं वेगळं नाव मिळालं आहे, हेही तिनेच सांगितलं. घरी कुणालाही कुठलंच नाव पाठ झालं नाही, पण आता "कसला तरी गोचीड" न राहता "हाच गोचीड" झाला होता, आणि त्याने फार फरक पडला.

फरक काय तो सांगते. माकडताप पसरवणारा मुख्य गोचीड जंगलातला, हिमॅफिसॅलिस गटातला. तो माकडांवर, उंदीरवर्गीय प्राण्यांवर वाढतो, आणि माणसाला चावतो तो बहुधा जानेवारी ते मेच्या सुमारास, जंगलात लाकूडफाटा किंवा काजू गोळा करताना. मुलुंडच्या जिन्यात तो वस्ती करत नाही. मी सासूबाईंना मायक्रोस्कोपचे फोटो दाखवून, ही दुसरी जात आहे, असं समजावलं, तेव्हा त्यांचा चेहरा सैलावला. इमारतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी 2020 मधलं जुनं कात्रण टाकलं होतं. त्या सप्टेंबरात पालघर जिल्हा प्रशासनाने काँगो तापाबाबत सावधगिरीची सूचना काढली होती, त्याची बातमी. तो ताप पसरवणारा गोचीड हायलोमा. गुरांवर असतो, आकाराने मोठा, तोंड लांब आणि पायांवर फिकट पट्टे. आमच्या कुठल्याच नमुन्याच्या पायांवर पट्टे नव्हते. ग्रुपवर मी दोन ओळी आणि फोटो टाकला, आणि घबराट कमी झाली.

पण याचा अर्थ आमचा गोचीड निरुपद्रवी असा नाही. कुत्र्यांना तो एर्लिकिया आणि बबेसिया या रक्तातल्या जंतूंचा आजार देतो, ज्याला सगळे टिक फीवर म्हणतात. माणसाला त्याच्यापासून भारतीय टिक टायफस होऊ शकतो, रिकेट्सिया कोनोराय या जिवाणूमुळे. ताप, सडकून डोकेदुखी, अंगावर पुरळ, आणि पुरळ तळहात-तळपायांवरही येतं. आमच्या लॅबमध्ये या तापासाठी वाइल-फेलिक्स नावाची रक्तचाचणी होते, तिच्यावर एकटीवर विसंबून चालत नाही. म्हणूनच गोचीड चावला होता हे डॉक्टरांना आपण होऊन सांगणं फार गरजेचं. त्यांनी लगेच डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू केलं तर रुग्ण बहुधा बरा होतो, निदानाची वाट बघत बसलं तर वेळ जातो.

हे मला प्रत्यक्ष लागू पडलं. एका सकाळी मुलाच्या गुडघ्यामागे एक गोचीड घट्ट रुतलेला दिसला. सासूबाई रॉकेल लावू म्हणाल्या, समोरच्या काकू काडीने चटका द्यायला सांगत होत्या. मी दोन्हीला नको म्हटलं. त्रास दिला की गोचीड पोटातलं काही चाव्यात ओकण्याची भीती असते. बारीक टोकाचा चिमटा त्वचेला अगदी लागून, तोंडापाशी धरला आणि सरळ वर, पीळ न देता, एका संथ जोरात ओढला. तो अख्खा निघाला. जागा साबणाने धुतली, गोचीड बाटलीत टाकला, कालनिर्णयवर तारीख लिहिली. पुढचे दोन आठवडे रोज त्याचं अंग चाचपून बघत होते, ताप आला नाही.

आता ते आले कुठून, हा प्रश्न. यासाठी मी कागदावर घराचा आणि जिन्याचा साधा नकाशा काढला आणि बाटलीतल्या चिठ्ठ्यांवरून खुणा केल्या. पलंगाच्या खोलीत जवळपास काहीच नाही. मुख्य दाराची चौकट, चपलांचं कपाट, दारामागची भिंत इथेच सगळे. मग सासऱ्यांच्या जुन्या धोतराचा पांढरा तुकडा काठीला बांधून तो जिन्याच्या भिंतीवरून, कठड्याखालून सावकाश ओढत गेले आणि प्रत्येक मजल्यावर कापड उजेडात धरून पाहिलं. पांढऱ्यावर तपकिरी ठिपका लपत नाही. तळमजल्यावर थोडे, आणि तळमजला-पहिला मजला यांमधल्या चौकात, लाकडी मीटर कपाटाच्या आसपास, सगळ्यांत जास्त.

त्याच चौकात आमच्या इमारतीची कुत्री झोपते. कानाला कापलेला त्रिकोण आहे, म्हणजे नसबंदी झालेली. पाऊस लागला की ती आत येते, मजल्यावरचे सगळे तिला खायला घालतात. वॉचमनदादांनी तिला धरलं, मी तिचे कान उलटून पाहिले. बोटांच्या बेचक्यांत, कानांच्या आत, मानेखाली गोचीड. त्यात रक्त पिऊन टम्म फुगलेल्या, निळसर राखाडी माद्या, एरंडाच्या बियांएवढ्या आणि तशाच गुळगुळीत. मग सगळा उलगडा झाला. अशी मादी पोट भरलं की कुत्र्यावरून खाली पडते आणि वर चढत एखादी अंधारी फट गाठते. तिथे ती हजारो अंडी घालते, आणि मरते. मीटर कपाटाच्या मागे, भिंत आणि लाकूड यांच्यामधल्या फटीत बॅटरी मारली तेव्हा ती अंडी दिसली. चमकदार तपकिरी पुंजके, आणि शेजारी सुकलेल्या माद्यांची सालं. तिथून दोन हातांवर आमचं दार. गोचिडांना वर चढायची ओढ असते, म्हणून घरात ते छताजवळ, कॅलेंडरमागे, ट्यूबलाइटशेजारी सापडत होते.

सोसायटीची बैठक बोलावली. पहिलीच सूचना आली ती कुत्रीला गाडीत घालून लांब सोडून देण्याची. मी ठामपणे विरोध केला, आणि नुसत्या मायेपोटी केला नाही. एक तर 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी झालेल्या कुत्र्याला त्याच्या मूळ जागीच सोडायचं असतं, मनाला येईल तिथे नेऊन टाकता येत नाही. दुसरं, आणि आमच्यासाठी जास्त महत्त्वाचं: कुत्री गेली तरी फटींमधले गोचीड राहणारच. प्रौढ गोचीड रक्ताशिवाय दीड वर्षापर्यंत तग धरू शकतो. त्याचं आवडतं खाणं जिन्यातून नाहीसं झालं तर तो शोधत फिरणार, आणि मग सापडणार आम्हीच. उलट कुत्रीला औषध दिलं तर गोचीड सवयीप्रमाणे तिच्याकडेच जातात, तिला चावतात आणि मरतात. म्हणजे तीच इमारत साफ करायला मदत करणार होती. प्राण्यांच्या डॉक्टरांनी फोनवरून हेच सगळ्यांना समजावलं तेव्हा विरोध मावळला. वर्गणी निघाली, आणि कुत्रीला लांब सोडा म्हणणाऱ्या काकांनीही दिली. मला त्याचं फार बरं वाटलं.

कुत्रीच्या रक्तात प्लेटलेट खूप कमी निघाल्या. ती गेले काही दिवस जेवणाकडे बघत नव्हती, हिरड्या पांढुरक्या पडल्या होत्या, आणि आम्ही सगळे ते पावसाळ्याचं समजत होतो. एर्लिकियाचं निदान करून डॉक्टरांनी चार आठवड्यांचं डॉक्सिसायक्लिन लिहून दिलं. गोचिडांसाठी आयसोक्साझोलिन गटातली चघळायची गोळी दिली, जी रक्तातून काम करते. देण्याआधी त्यांनी एक गोष्ट विचारली, तिला कधी झटके येतात का, कारण तसं असेल तर ही गोळी जपून द्यावी लागते. उकडलेल्या अंड्यात दडवून दोन्ही औषधं तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी देत. डॉक्सिसायक्लिन रोज, न चुकता, पाऊस असला तरी; चघळायची गोळी मात्र ठरलेल्या तारखेलाच.

वहिनींकडे मांजर आहे. कुत्र्यांच्या काही औषधांत आणि पावडरींत पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असतं, ते मांजराला विषारी. डॉक्टरांनी हे बजावून सांगितलं म्हणून फवारणीच्या दिवशी मांजर दार लावून आतल्या खोलीत ठेवलं. फवारणीसाठी दुसरा माणूस बोलावला, त्याला बाटल्या दाखवल्या, नकाशा दाखवला. त्याने पलंगांना हातही लावला नाही. जिन्याच्या भिंती आणि जमिनीचा सांधा, दाराच्या चौकटी, चपलांच्या कपाटांची मागची बाजू, कठड्याखालच्या भेगा, एवढंच. मीटर कपाटाला औषध मारायचं नव्हतं. महावितरणच्या माणसाला बोलावून त्याच्यासमोर कपाट भिंतीपासून सुटं केलं, अंडी आणि सालं कापडाने पुसून साबणाच्या पाण्यात बुडवली, आणि फट सिमेंटने बुजवली. औषधाने अंडी मरतीलच असं नसतं, त्यामुळे काही आठवड्यांनी, उरलेली अंडी उबल्यावर, दुसरी फवारणी ठरवूनच ठेवली होती. घरात आम्ही कालनिर्णयसकट भिंतीवरचं सगळं उतरवलं, व्हॅक्यूम क्लीनरने चौकटी ओढून घेतल्या आणि त्याची पिशवी दर वेळी बांधून लगेच कचऱ्यात दिली, नाहीतर ते पुन्हा बाहेर चालत येतात.

गणपतीत पाहुणे आले, जमिनीवर झोपले. घरात दोन-तीन गोचीड तेव्हाही दिसले, बाटलीत गेले. नवरात्रात कुत्री भराभरा जेवायला लागली. दर रविवारी धोतराचा तुकडा जिन्यात फिरवत होते. दिवाळीच्या साफसफाईपर्यंत कापडावर काही येईनासं झालं, तरी मी ते बंद केलेलं नाही.

दरम्यान लोक माझ्याकडे किडे आणायला लागले. बी विंगमधल्या एका आजींनी मसाल्याच्या डब्यातून चकचकीत, गोल, लालसर किडे आणले, अगदी फुगलेल्या गोचिडासारखे. भिंगाखाली त्यांना लांब मिशा निघाल्या, म्हणजे धान्या-मसाल्यात होणारे भुंगे. जुना मसाला टाकून डबा उन्हात ठेवला की झालं. तिथल्याच दुसऱ्या घरी एसीच्या बाहेरच्या यंत्रावर कबुतरांचं घरटं होतं, आणि खिडकीच्या कडेला अर्ध्या मिलिमीटरचे लालसर ठिपके धावत होते. आठ पाय, अंग मऊ, कडक कवच नाही: पक्ष्यांवरचे माइट्स. पिल्लं उडून गेल्यावर घरटं काढायचं आणि यंत्राभोवती जाळी बसवायची, हा त्यावरचा उपाय. यांपैकी कुणालाच जिन्यातली फवारणी उपयोगी पडली नसती.

कुत्रीच्या पुढच्या गोळीची तारीख आणि जिन्याच्या तपासणीचा रविवार सोसायटीच्या फलकावर लिहिलेला असतो. रिकाम्या बाटल्या, चिमटा आणि पेन्सिल वॉचमनदादांच्या टेबलाच्या खणात ठेवल्या आहेत. कुणाला काही सापडलं की आधी तो खण उघडायचा, असं आता इमारतीत ठरलेलं आहे.